छत्रीबाई आत गेल्या तो दिवस

हे विश्वाच्या माउली, तुला आधी वंदन. चंद्रसूर्य तुझ्या अंगणात खेळतात आणि एकही तुझ्या नजरेआड होत नाही. मुंगीच्या पिलाची वाट तुला ठाऊक असते, पाण्याच्या तळाशी निजलेल्या माशाचा श्वास तुला ऐकू येतो. आम्हा माणसांना मात्र तू दोनच डोळे दिलेस, आणि तेही पुढच्या बाजूला. मागे काय चालले आहे ते कळायचे तर आम्हाला थांबावे लागते, वळावे लागते. आणि थांबायचे, वळायचे भान राहावे म्हणून तुझे नाव घ्यावे लागते. ते नाव ओठांवर घेऊन, ते रूप मनात धरून, एका साध्यासुध्या बाईची ही कथा तुझ्या पायांशी ठेवली आहे.

तिला सारे छत्रीबाई म्हणत. परगावाहून लेकरेबाळे घेऊन आलेल्या कुटुंबांना शहर दाखवणे हा छत्रीबाईंचा व्यवसाय. ऊन असो वा आभाळ भरलेले असो, हातात पिवळी छत्री उघडी धरून त्या पुढे चालत, आणि गर्दीत कुणाचा हात सुटला तरी ती पिवळी खूण साऱ्यांना दिसे. शहर दाखवणारे आणखीही होते. ते पुतळ्यांच्या सनावळ्या सांगत, जुन्या वेशींचा इतिहास सांगत. छत्रीबाईंकडे मात्र लेकुरवाळी माणसेच येत, कारण त्यांचे शहर लहानग्या पायांनी मोजलेले होते. कोणत्या चौकात पोराला कडेवर घ्यावे लागते, कोणत्या बागेतली घसरगुंडी दुपारी तापते, कोणत्या इमारतीतले स्वच्छतागृह खरोखर स्वच्छ असते, हे त्यांना तोंडपाठ होते.

आईबाप हातात मोठा बेत घेऊन येत. एका दिवसात सारे पाहायचे, एकही गोष्ट सोडायची नाही. छत्रीबाई तो बेत शांतपणे ऐकून घेत आणि मग म्हणत, “शहर कुठे पळून जात नाही. पोर मात्र पळतं. तेव्हा आधी पोराचं बघू.” मग त्या आपला क्रम सांगत. सकाळी आधी बाग, बागेतली छोटी आगगाडी आणि मोकळे गवत. पाय दमले की मग डोळे उघडतात. त्यानंतर तळ्यावरची पायांनी हाकायची होडी. ऊन चढले की छपराखाली शिरायचे, म्हणजे विज्ञानघरात. तिथे हवेच्या झोतावर चेंडू तरंगतो आणि ‘हात लावू नका’ ही पाटी कुठेच नाही. भूक लागण्याच्या आधी खाऊ घालायचे, लागल्यावर नाही. आणि दुपार कलली की मत्स्यालय. कारण दमलेली, चिडलेली, रडवेली पोरे त्या निळ्या अंधारात आपोआप गप्प होतात.

या मत्स्यालयाची एक रीत होती. आतल्या वाटा अरुंद, छत बुटके, आणि शहर दाखवणाऱ्यांचे आवाज खणखणीत. म्हणून फार पूर्वीपासून असा नियम होता, की कुटुंबांनी आत जावे आणि वाट दाखवणाऱ्याने बाहेर थांबावे. छत्रीबाई पुढच्या दारातून कुटुंबाला आत सोडत, इमारतीला वळसा घालून मागच्या गल्लीने जात आणि बाहेर पडायच्या दाराशी असलेल्या बाकावर टेकत. पायांतले बूट सैल करत. तेवढाच त्यांच्या दिवसातला विसावा. कुटुंब बाहेर आले, की पुन्हा छत्री उघडायची आणि पुढे निघायचे. वर्षांमागून वर्षे हे असेच चालले होते. पुढचे दार, मागची गल्ली, बाक. ही वाट त्यांच्या पायांना इतकी अंगवळणी पडली होती, की डोक्याला तिची खबरही लागत नसे.

छत्रीबाईंना एकच लेक. ती लहान असतानाच तिचे वडील गेले, आणि घर चालवायला छत्री हाती आली. लेक वाढली ती आईच्या मागे मागे, परक्या कुटुंबांच्या रांगेत चालत. पुढे शिकली, लग्न झाले, दूरच्या गावी राहायला गेली. जावई जहाजावर कामाला. समुद्रावर गेला की महिनेच्या महिने तिकडे. दोन लेकरांना घेऊन लेक तिकडे एकटी आणि छत्रीबाई इकडे एकट्या. दोघी फोनवर बोलत त्या पोरांच्या सर्दी-पडशाबद्दल, भाजीच्या भावाबद्दल. याहून खोल काही बोलायचे म्हटले की दोघींनाही तेव्हाच काहीतरी काम आठवे.

अशात लेकीला या शहरातल्या एका कचेरीतून नोकरीचे बोलावणे आले. चांगली नोकरी होती, मनासारखी होती. प्रश्न एकच होता. दिवसभर पोरे कुणाच्या स्वाधीन करायची? लेक पोरांना घेऊन आईकडे आली. सकाळी कचेरीत जाऊन बोलणी करायची आणि संध्याकाळी फोनवरून हो किंवा नाही कळवायचे, असे ठरले होते. तोवर पोरे आजीपाशी. हो असेल तर तिघे कायमचे इथे राहायला येणार. नाही असेल तर दोन दिवसांनी परत.

छत्रीबाईंना काय हवे होते ते त्यांनी कुणालाच सांगितले नव्हते. आतल्या खोलीतले कपाट मात्र त्यांनी आठवड्यापूर्वीच रिकामे करून ठेवले होते.

त्या सकाळी धाकट्याच्या बुटांचे बंद बांधता बांधता लेक म्हणाली, “आई, आजचा दिवस कसा जातो त्यावर आहे सगळं.”

“अगं, अख्खं जग माझ्या भरवशावर पोरं घेऊन फिरतं,” छत्रीबाई हसत म्हणाल्या.

“जग पोरांबरोबर स्वतःही येतं, आई. आज मी नाहीये.”

हे बोलून लेक गेली.

थोरली नात सहा वर्षांची. एका जागी न ठरणारी, टुणटुणीत, प्रत्येक गोष्ट कुरतडून बघणारी; तिला घरात खारूताई म्हणत. धाकट्या नातवाला नुकतेच चौथे लागले होते. तो गोल, संथ, आणि एकदा बसला की हलायचा नाही, म्हणून भोपळू. या दोघांना घेऊन छत्रीबाई आपल्या नेहमीच्या क्रमाने निघाल्या. आधी बाग, आधी आगगाडी. परक्यांची पोरे आगगाडीतून वाकत तेव्हा छत्रीबाईंचा ठोका कधी चुकला नव्हता, आज मात्र त्यांनी दोघांच्या सदऱ्याच्या कॉलरी अशा घट्ट धरल्या, की भोपळू म्हणाला, “आजी, मला गिळता येत नाहीये.” तळ्याजवळ गेल्यावर पाण्याचा रंग त्यांना भलताच काळा वाटला. होडी नको, म्हणाल्या. खारूताईने विचारले, होडी बिघडली आहे का? छत्रीबाई म्हणाल्या, हो. तळ्यात डझनभर होड्या हसतखेळत फिरत होत्या. खारूताईने त्या सगळ्यांकडे पाहिले, मग आजीकडे पाहिले, आणि मोठ्या मनाने गप्प बसली.

विज्ञानघरात भोपळूने तरंगत्या चेंडूसमोर ठाण मांडले. छत्रीबाई एक डोळा त्याच्यावर आणि दुसरा धावणाऱ्या खारूताईवर ठेवून उभ्या राहिल्या, आणि थोड्याच वेळात त्यांची मान अशी आखडली की वळेना. किती साधे वाटत होते हे काम, दुसऱ्यांच्या आईबापांना करताना पाहून! दुपारी केळी आणि बिस्किटे खाऊन झाली, पाणी सांडून झाले, भोपळूला दोनदा कडेवर घेऊन झाले. छत्रीबाईंच्या गुडघ्यांतून कळा येऊ लागल्या. मनातल्या मनात त्या जप करीत होत्या, आणि जपाच्या मण्यांच्या जागी दोनच शब्द येत होते: थोरली, धाकटा, थोरली, धाकटा.

अशा थकलेल्या पायांनी त्या मत्स्यालयाच्या दाराशी आल्या.

माणसाचे मन थकले, की त्याच्या जागी सवय कामाला येते. ती इमानी असते, पण तिला डोळे नसतात. छत्रीबाईंनी खिडकीतून दोन तिकिटे घेतली. दोनच. तिकीटवाला ओळखीचा, छत्रीबाई आणि त्यांच्यासोबत लेकरे हे दृश्य त्याने हजारदा पाहिलेले. त्याच वेळी काका-काकू, मावश्या आणि पाचसहा पोरे असे एक भलेमोठे कुटुंब दारातून आत शिरत होते. छत्रीबाईंनी छत्री मिटली, नातवंडांपुढे वाकल्या आणि त्यांच्या तोंडून तेच शब्द निघाले, जे त्या जागी उभे राहून नेहमी निघत: “काचेवर टकटक करायची नाही. डावी भिंत सोडायची नाही. बाहेर याल तिथे दारातच मी उभी आहे.”

खारूताईने गंभीरपणे मान हलवली. भावाचा हात धरला. दोघे त्या मोठ्या कुटुंबाच्या मागोमाग निळ्या अंधारात दिसेनासे झाले. तिकीटवाल्याला वाटले, ही त्यांच्यातलीच. आणि छत्रीबाई वळसा घालून मागच्या गल्लीला लागल्या.

बाकावर दुसरे एक वाट दाखवणारे गृहस्थ बसले होते. वयस्कर प्रवाशांना ते शहर दाखवत आणि सदा मोठी टोपी घालत, म्हणून साऱ्यांचे टोपीवाले. छत्रीबाई त्यांच्या शेजारी टेकल्या, बूट सैल केले, एक दीर्घ श्वास सोडला. टोपीवाल्यांनी विचारले, आज कुठले कुटुंब? छत्रीबाई म्हणाल्या, आज सुट्टी घेतली आहे, नातवंडे आली आहेत.

“वा, वा,” टोपीवाले म्हणाले. “म्हणजे लेक-जावई आत गेलेत वाटतं पोरांना घेऊन?”

“छे, जावई जहाजावर. आणि लेक कचेरीत गेलीय, संध्याकाळी...”

पुढचा शब्द तोंडातच राहिला.

टोपीवाल्यांना आधी वाटले, बाईंना घेरी आली. चेहरा पांढराफटक पडला होता, आणि हात हवेत काहीतरी शोधत होता. “टोपीवाले,” त्या इतक्या हळू बोलल्या की त्यांना वाकून ऐकावे लागले, “पोरांबरोबर आत कुणीच नाहीये.”

छत्रीबाई उठल्या त्या सैल बुटांनीच. बाहेर पडायच्या दाराशी दरवान होता. त्याने सवयीने हात आडवा केला. इथून बाहेर यायचे असते, आत जायचे नसते, हे तो सांगू लागला. छत्रीबाई थांबल्या नाहीत, आणि त्यांनी वादही घातला नाही. “माझी पोरं आत एकटी आहेत,” एवढेच म्हणाल्या. दरवानाचा हात आपोआप खाली आला. पुढच्या दाराला फोन करतो, असे तो मागून ओरडला. तोवर त्या अंधारात शिरल्या होत्या.

आणि श्रोतेहो, इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. इतकी वर्षे ज्या घराचे गुणगान केले, ज्याच्या दारात असंख्य लेकरांना सोडले, त्या घरात छत्रीबाई आयुष्यात पहिल्यांदाच पाऊल टाकत होत्या.

आत सारे निळे होते. भिंती निळ्या, माणसांचे चेहरे निळे, आपले स्वतःचे हात निळे. सारी माणसे समोरून येत होती, कारण वाट एकाच दिशेची होती आणि छत्रीबाई उलट्या निघाल्या होत्या. कुणाच्या पिशवीला धक्का लागे, कुणाच्या कोपराला. प्रत्येक पोराच्या तोंडाकडे त्या वाकून बघत आणि पोरे दचकून आईच्या मागे लपत. सहा वर्षांची मुलगी पाहिलीत का, बरोबर छोटा भाऊ आहे, गोल तोंडाचा? नाही, नाही पाहिली. हो, दोन मुले होती, पण ती जुळी होती. नाही. नाही. अंधारात गोल तोंडाची मुले पुष्कळ होती, आणि त्यातले एकही भोपळू नव्हते.

एका काचेमागे समुद्रघोडे शेपट्यांवर उभे राहून डुलत होते. छत्रीबाई क्षणभर थबकल्या. समुद्रघोडे अगदी सुरुवातीलाच दिसतात, असे त्या रोज सांगत; आणि ते तर शेवटी होते. काचेचा बोगदा मोठा आहे म्हणून सांगत. तो आखूड होता. या घराबद्दल त्या जे जे बोलत होत्या ते सारे ऐकीव होते, बाहेर येणाऱ्यांच्या बडबडीतून वेचलेले. आता त्यांना या घरातला एक कोपरा माहीत नव्हता, एक आडवाट माहीत नव्हती. आणि इथेच कुठेतरी त्यांच्या लेकीचा जीव की प्राण होता.

पुढे वाट फुटली. कासवाच्या अजस्र टाकीला दोन्ही बाजूंनी वळसा घालून ती जात होती. उजवीकडून जावे, तर पोरे डावीकडून येऊन निघून जातील. डावीकडून जावे, तर उजवीकडून. छत्रीबाई त्या फाट्यावर खिळून राहिल्या. हाक मारावी म्हटले, तर चौक ओलांडून जाणारा तो खणखणीत आवाज घशातून फुटेना. “देवा,” त्या मनात म्हणाल्या, “माझी पुण्याई विचारू नकोस. माझे चुकले ते माझ्या पदरात घाल. पण या अंधारात तुझे डोळे उघडे असू दे रे.” आणि डावी भिंत सोडायची नाही असे आपणच सांगितले होते, हे आठवून त्या उजवीकडे धावल्या; उलट येणाऱ्याला पोरांची डावी भिंत उजव्या हाताला होती.

पुढच्या दाराशी पोहोचल्या तेव्हा तिकीटवाला खुर्ची सोडून उभा होता. त्याच्याही तोंडचे पाणी पळाले होते. मला वाटले त्या मोठ्या कुटुंबातली, तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. या दाराने कुणी पोरे बाहेर गेली नव्हती, याची त्याने शपथ घेतली. मागच्या दारावरून दरवानाचा निरोप होता, की ते मोठे कुटुंब बाहेर पडले. दोन पोरे आमच्या मागे होती खरी, म्हणाले, पण मग कासवापाशी दिसेनाशी झाली.

पुढे गेली नाहीत, मागे आली नाहीत, वाटेत भेटली नाहीत. छत्रीबाईंनी भिंतीला हात टेकला. ती भिंत म्हणजे काच होती, आणि काचेमागून एक मासा तोंड उघडून, मिटून त्यांच्याकडे पाहत होता. संध्याकाळी लेक दारातून आत येईल आणि पोरे कुठे आहेत म्हणून विचारेल, तो क्षण त्यांच्या डोळ्यांसमोर इतका स्पष्ट उभा राहिला, की नोकरी, होकार, रिकामे कपाट, सगळे कुठच्या कुठे वाहून गेले. पोरे मिळू देत. मग ती परत घेऊन गेली तरी चालेल. मग तिने पुन्हा तोंड पाहिले नाही तरी चालेल.

फरशी पुसणारी एक बाई बादली ठेवून जवळ आली. “मावशी, कासवाच्या टाकीखाली बघितलंत?”

“खाली? खाली काय आहे?”

“लहान मुलांना रांगत जायला वाट आहे ना. मोठ्यांच्या नजरेला येत नाही ती. चला, दाखवते.”

टाकीच्या तळाशी, गुडघ्याइतक्या उंचीवर, एक गोल भोक होते. छत्रीबाई गुडघ्यांवर बसल्या, मग हातांवर आल्या आणि आत शिरल्या. गुडघ्यांनी आकांत केला. त्यांनी ऐकले नाही. छत्री अडकली ती बाहेर ढकलून दिली. चार हात पुढे वाट रुंदावत होती आणि टाकीच्या तळातून वर आलेल्या काचेच्या घुमटात उघडत होती. चहूबाजूंनी पाणी होते, वर पाणी होते, आणि मध्ये, एकमेकांना खेटून, दोन लेकरे बसली होती. भोपळूचे नाक काचेला चिकटले होते. खारूताईने त्याच्या सदऱ्याची मागची बाजू मुठीत इतकी गच्च पिळून धरली होती, की तिची बोटे पांढरी पडली होती.

आजीला पाहून ती रडली नाही. आधी तिने एका दमात आपला हिशेब दिला. “आजी, हा येतच नाही. मी त्याला सांगितलं की आजी दारात उभी आहे, चल. पण तो येतच नाही. आणि मी तुझ्याकडे आले असते तर हा इथे एकटा राहिला असता. एका काकूंनी विचारलं, तुमच्याबरोबर कोण आहे? मी म्हटलं, आजी आहे, पण ती कामावर आहे.” एवढे बोलून झाल्यावर तिने सदऱ्यावरची मूठ सोडली.

“आजी, हळू,” भोपळू मागे न बघता म्हणाला. “कासव झोपलंय.”

छत्रीबाईंनी दोघांना ओढून छातीशी घेतले. जिवात जीव आला म्हणतात, तो असा येतो. एकदम येत नाही, श्वासागणिक थोडा थोडा येतो. त्या ओल्या गार घुमटात त्या कितीतरी वेळ बसून राहिल्या. सारखे कानांत घुमत होते ते पोरीचे शब्द. आजी आहे, पण ती कामावर आहे. असेच वाक्य त्यांनी पूर्वी ऐकले होते, दुसऱ्या एका लहान मुलीच्या तोंडून, कुणा परक्या बाईला उत्तर देताना. तेव्हा त्यांना त्या मुलीच्या समजूतदारपणाचे कौतुक वाटले होते.

परतताना बसमध्ये भोपळू मांडीवर झोपला. खारूताई खिडकीतून बाहेर बघत होती. बऱ्याच वेळाने तिने विचारले, “आजी, हे आपण आईला सांगायचं का?”

“तुला काय वाटतं?”

“सांगितलं तर आई नाही म्हणेल. मग आपण इथे राहायला येणार नाही.” आणि मग, अगदी हलक्या आवाजात, “मला यायचंय.”

किती मऊ आणि किती सोपी वाट होती ती! पोरगी स्वतःहून दार उघडून उभी होती. कुणाला काही झाले नव्हते, अंगावर ओरखडा नव्हता. छत्रीबाईंच्या मनाने त्या वाटेवर दोन पावले टाकलीही. पण परमेश्वराची कृपा अशी, की त्याच क्षणी मांडीवरच्या पोराने झोपेत त्यांचे बोट धरले. एवढासा हात, आणि एवढा मोठा विश्वास. त्या विश्वासाला खोटेपणाच्या ओझ्याखाली कसे ठेवायचे? “सांगायचं,” त्या म्हणाल्या. “आणि तू नाही सांगायचंस. मी सांगणार.”

संध्याकाळी लेक आली ती उजळलेल्या चेहऱ्याने. माणसे चांगली आहेत, टेबलाशेजारी खिडकी आहे, असे सांगत तिने बूट काढले, पोरांचे मुके घेतले, आणि फोन हातात घेऊनच स्वयंपाकघरात आली. “ते वाट बघतायत, आई. हो म्हणून कळवू ना?”

छत्रीबाईंनी गॅस बंद केला. हात पुसले. “आधी माझं ऐक,” म्हणाल्या, आणि मग पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळे सांगितले. कुठेही स्वतःसाठी मऊ शब्द वापरला नाही. दोन तिकिटे काढली, हे सांगितले. बाकावर बूट सैल केले, हेही सांगितले.

लेकीने फोन ओट्यावर ठेवला आणि ती गॅलरीत जाऊन पाठमोरी उभी राहिली. आत भांड्याला भांडे लागेल म्हणून छत्रीबाई हलल्यासुद्धा नाहीत. बऱ्याच वेळाने लेक आत आली. डोळे लाल होते, पण आवाज धड होता.

“कासवाखालचा बोगदा मला माहीत आहे,” ती म्हणाली. “मी लहानपणी कितीदा बसलेय तिथे. तू मला कुठल्या तरी कुटुंबाच्या मागे लावून द्यायचीस. मी कुणा काकूच्या पिशवीचा बंद धरून आत जायचे. काकू मागे बघायची आणि बंद सोडवून घ्यायची. मग मी त्या बोगद्यात जाऊन बसायचे, आणि बाहेर आल्यावर तुला सांगायचे, आज कासव हललं, आज नाही हललं. तू हो हो म्हणायचीस, आणि पुढच्या कुटुंबाला तेच सांगायचीस.”

छत्रीबाई खाली बसल्या. “मला वाटायचं तुला आवडतं,” त्या म्हणाल्या.

“कासव आवडायचं.”

मग लेकीने विचारले, “आज तू रांगत आत गेलीस? त्या गुडघ्यांनी?”

“गेले.”

“कशी मावलीस?”

“बाहेर येताना आजी अडकली होती,” खारूताईने मधेच सांगितले. “मग त्या पुसणाऱ्या काकूंनी मागून पाय ओढले.”

लेकीच्या चेहऱ्यावर हसू आले आणि तसेच विरले. ती आईसमोर बसली. राग गेलेला नाही, असे तिने स्पष्ट सांगितले. आज रात्री तर मुळीच जाणार नाही. पण तू लपवले असतेस आणि मला उद्या पोरीकडून कळले असते, तर मी परवाची गाडी पकडली असती, म्हणाली. मग तिने फोन उचलला, कचेरीला विचार करायला एक आठवडा मागितला, आणि फोन ठेवल्यावर आईकडे वळली. “हा आठवडा आपण चौघं फिरायचं. होडीत, आगगाडीत, सगळीकडे. तू पुढे चालायचं नाहीस आणि दारात थांबायचं नाहीस. आमच्याबरोबर आत यायचं. जमलं तर मी हो कळवीन.”

तो आठवडा छत्रीबाईंच्या आयुष्यातला सर्वांत अवघड आठवडा होता. प्रत्येक दाराशी पाय आपोआप वळसा घ्यायला निघत, आणि प्रत्येक वेळी त्या त्यांना हाताने धरून आणावे तसे परत आणीत. होडीत त्यांनी डोळे मिटून घेतले. लेकीने ते उघडायला लावले. मत्स्यालयात बोगद्याच्या तोंडाशी बसून त्या भोपळूची वाट बघत राहिल्या, तेव्हा शेजारी लेकही येऊन बसली. आठवड्याच्या अखेरीस लेकीने होकार कळवला, आणि त्याचबरोबर आईला एक अट घातली, की पोरे हाताशी असतील त्या दिवशी छत्री घरी राहील.

छत्रीबाईंची काळजी गेली म्हणावे, तर ती गेलेली नाही. पोरे शाळेच्या फाटकातून बाहेर येईपर्यंत त्यांचा जीव आजही टांगणीला लागतो. मत्स्यालयाच्या व्यवस्थापकांना त्यांनी विनवले आहे, की लेकरांच्या कुटुंबाबरोबर वाट दाखवणाऱ्यालाही आत सोडावे, आवाज न करण्याच्या बोलीवर. अजून उत्तर आलेले नाही. पण आता त्या दारात उभ्या राहून आईबापांना एक वाक्य जास्त सांगतात: कासवाखाली वाका, तिथे तुमचे पोर असेल.

हे माउली, या बाईला सांभाळ. तिच्या गुडघ्यांना बळ दे आणि तिच्या पायांना भान दे. तिच्या लेकीच्या मनात जे अजून दुखते त्यावर तुझा हात हळूच फिरू दे. समुद्रावरचा धनी सुखरूप घरी येऊ दे. त्या लहानग्या घराच्या आतल्या खोलीतले कपाट लेकरांच्या कपड्यांनी सदा ओसंडत राहो, दिवा लागायच्या वेळी चारही माणसे ताटावर असोत, आणि जो बाहेर आहे त्याची वाट बघणारा कुणीतरी सदैव आत असो. त्या घराचे कल्याण असो. त्या घराचे कल्याण असो.